दोन तासांच्या ट्रेनिंगवर अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवावं का? व्यसन-शिक्षणाच्या कॉन्फरन्ससाठी लिहिताना

एका नर्सिंग शिक्षिकेकडून प्रश्न थोडक्यात असा आलाय: नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींना दारूचं स्क्रीनिंग (ठराविक प्रश्न विचारून पेशंटचं पिणं धोक्याचं आहे का ते तपासणं) कसं करायचं आणि पेशंटशी त्याबद्दल कसं बोलायचं याचं दोन तासांचं ट्रेनिंग दिलं, आधी ५८ जणींनी फॉर्म भरला, नंतर ४१ जणींनी, दहा मार्कांच्या क्विझची सरासरी ५.१ वरून ७.६ झाली, कॉन्फिडन्सही वाढला, पण गाइड म्हणतात डेटा फार छोटा आहे. कॉन्फरन्सची मर्यादा ३०० शब्दांची, डेडलाइनला पाच आठवडे, आणि याआधी कधीच अ‍ॅबस्ट्रॅक्ट (म्हणजे कॉन्फरन्सला पाठवायचा कामाचा छोटा सारांश) पाठवलेलं नाही. तर पाठवावं का, आणि पाठवायचं तर कसं लिहावं, आणि रिजेक्ट झालं तर काय?

पाठवा, नक्की पाठवा. मी बरीच वर्षं व्यसनमुक्तीच्या कामात आहे, विद्यार्थ्यांना हेच शिकवतो आणि अशा कॉन्फरन्सला आलेली अ‍ॅबस्ट्रॅक्ट तपासायचं कामही करत आलोय, त्यामुळे पाठवणाऱ्याची धाकधूक आणि तपासणाऱ्याचं डोकं दोन्ही मला माहितीये. डेटा छोटा आहे म्हणून परत गेलेली अ‍ॅबस्ट्रॅक्ट मी फार कमी पाहिलीत. परत जातात ती मोघम असतात म्हणून. वाचून झाल्यावर या लोकांनी नेमकं काय केलं, कोणासोबत केलं आणि नेमकं काय बदललं हे कळतच नाही. ४१ जणींवरचं नेमकं अ‍ॅबस्ट्रॅक्ट चारशे जणांवरच्या मोघम अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या पुढे जातं, हे मी अनेकदा बघितलंय.

माझं स्वतःचं पहिलं अ‍ॅबस्ट्रॅक्ट इंटर्न्सच्या ट्रेनिंगवर होतं. त्यात मी लिहिलं होतं की प्रशिक्षणानंतर ज्ञानात लक्षणीय वाढ दिसून आली. ते नाकारलं गेलं आणि रिव्ह्यूअरच्या कॉमेंटमध्ये एकच शब्द होता, "किती?" मला खूप लागलं होतं ते, कारण आकडे माझ्या वहीत होते, मी ते शब्द वाचवायच्या नादात काढून टाकले होते आणि त्याऐवजी "व्यसनाधीनता ही आज जगापुढील गंभीर समस्या आहे" वगैरे चार ओळी ठेवल्या होत्या. आता मी तपासायला बसतो तेव्हा जवळजवळ दर तिसऱ्या अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये त्याच चार ओळी असतात. व्यसन गंभीर समस्या आहे हे त्या कॉन्फरन्सला येणाऱ्या प्रत्येकाला माहितीये, ते रोज तेच बघतात. तुमच्या पार्श्वभूमीला दोन वाक्यं पुरतात: एक, नर्स हीच वॉर्डात पेशंटजवळ सगळ्यात जास्त वेळ असते, तरी दारूबद्दल विचारायचं कसं हे तिला शिकताना कोणी करून दाखवत नाही, दोन, ते दोन तासांत शिकवता येतं का हे आम्हाला बघायचं होतं. बस.

आता ही कॉन्फरन्स कोणाची असते ते जरा लक्षात घ्या, कारण सगळं त्यावर ठरतं. व्यसनाच्या विषयात काही परिषदा मेंदूविज्ञानाच्या आणि औषधांच्या असतात, तिथे उंदरांवरचे प्रयोग आणि क्लिनिकल ट्रायल येतात. शिक्षणाच्या परिषदेला येणारे लोक वेगळे, ते शिकवणारे असतात. अमेरिकेतली अ‍ॅमर्सा ही संस्था १९७६ पासून हेच करतेय, डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर, फार्मासिस्ट यांना व्यसनाबद्दल कसं शिकवायचं आणि त्यावर संशोधन कसं करायचं यासाठी लोकांना एकत्र आणते. अशा ठिकाणी वाचणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो, की मी परत गेल्यावर माझ्या वर्गात हे करू शकेन का. तुमच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टने त्या प्रश्नाचं उत्तर दिलं पाहिजे, आणि खरं उत्तर दिलं पाहिजे.

खरं यावर मी जोर देतोय त्याला कारण आहे. आपल्या क्षेत्राने या बाबतीत एकदा मोठी ठेच खाल्लीये. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये डेअर नावाचा शाळांमधला कार्यक्रम सुरू झाला, पोलीस अधिकारी वर्गात येऊन मुलांना ड्रग्जपासून लांब राहायला शिकवायचे. पालकांना आवडला, शिक्षकांना आवडला, पोलिसांना आवडला, देशभर पसरला, बाहेरच्या देशांतही गेला. मग लोकांनी बसून मोजलं. १९९४ साली आलेल्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेल्या तपासणीत) दिसलं की मुलांची माहिती वाढते, पण प्रत्यक्ष ड्रग्ज वापरण्यावर होणारा परिणाम अगदी किरकोळ आहे. इतकी वर्षं, इतका पैसा, इतक्या लोकांची मनापासूनची मेहनत, आणि सगळे समजत होते की काम होतंय कारण मुलं क्विझमध्ये बरोबर उत्तरं देत होती. त्यामुळे या विषयातला जाणता रिव्ह्यूअर "ज्ञान वाढलं" हे वाक्य वाचलं की थांबतो आणि पुढे काय ते शोधतो. मुलांना घाबरवण्याचंही तसंच. यूएनओडीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या ड्रग्ज आणि गुन्हेविषयक कार्यालयाने, व्यसनाच्या प्रतिबंधासाठी जी आंतरराष्ट्रीय मानकं २०१३ मध्ये काढली आणि २०१८ मध्ये सुधारली, त्यात नुसती भीती घालणाऱ्या पद्धतींचा उपयोग होत नाही हे स्पष्ट मांडलंय, तरी सडलेल्या फुप्फुसांचे फोटो दाखवून मुलं कशी हादरली एवढाच रिझल्ट असलेली अ‍ॅबस्ट्रॅक्ट अजून येतात.

तुमचं अ‍ॅबस्ट्रॅक्ट त्या वाटेला जाऊ नये. शिक्षणाच्या लोकांना ट्रेनिंगचा परिणाम मोजायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्या तोंडपाठ असतात, १९५९ पासूनच्या आहेत त्या: शिकणाऱ्याला कसं वाटलं, तो काय शिकला, त्याचं वागणं बदललं का, आणि शेवटी पेशंटला काही फायदा झाला का. तुमची क्विझ दुसऱ्या पायरीवर आहे आणि कॉन्फिडन्स धड दुसऱ्यावर पण नाही, कारण माणसाला स्वतःबद्दल जे वाटतं आणि तो प्रत्यक्ष जे करतो यात बरंच अंतर असतं. २००६ साली जामा या वैद्यकीय जर्नलमध्ये डॉक्टरांवरच्या अभ्यासांचा एक आढावा आला होता, त्यात डॉक्टरांनी स्वतःला दिलेले मार्क आणि बाहेरून कोणी बघून दिलेले मार्क यांचा बहुतेक अभ्यासांत मेळच बसला नव्हता. म्हणून कॉन्फिडन्स लिहा, पण तो कॉन्फिडन्स म्हणूनच लिहा, "कौशल्य वाढलं" असं लिहू नका. मी हे वाक्य लाल पेनाने खोडत आलोय वर्षानुवर्षं.

पण तुमच्याकडे पाच आठवडे आहेत! हे फार आहेत. माझं ऐका, लिहायला बसायच्या आधी एक काम करा. ट्रेनिंग झालेल्या मुली आत्ता वॉर्डात ड्यूटी करतायत ना, मग तुमच्या गाइडच्या आणि एथिक्स कमिटीच्या परवानगीने एक छोटी गोष्ट मोजता येते का बघा: ट्रेनिंगनंतर किती जणींनी निदान एका पेशंटला ऑडिटचे प्रश्न विचारले. ऑडिट म्हणजे डब्ल्यूएचओची ती दहा प्रश्नांची चाचणी, शून्य ते चाळीस मार्क, आठ किंवा जास्त आले की पिणं धोक्याच्या पातळीवर आहे असं साधारण धरतात, आणि पहिले तीनच प्रश्न घेतले तर ती ऑडिट-सी होते. तुम्ही यातलं नेमकं काय शिकवलं ते अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये नावानिशी यायलाच हवं, नुसतं "स्क्रीनिंग टूल" म्हणून चालत नाही. आणि हा जो नवा आकडा मिळेल तो छोटा आला तरी लिहा. ४१ पैकी ९ जणींनीच विचारलं असं निघालं तरी ते सोनं आहे, कारण मग पुढचा प्रश्न आपोआप येतो की बाकीच्या ३२ जणींना काय आडवं आलं, वेळ नव्हता, सिस्टर ओरडल्या, की पेशंटचे नातेवाईक शेजारी बसले होते. चर्चेला लोक त्यावरच थांबतील तुमच्या पोस्टरपाशी. पाच आठवड्यांत परवानगी मिळत नसेल तर सोडून द्या, परवानगीशिवाय मोजू नका.

५८ आणि ४१ चं काय करायचं? इथे सगळे घसरतात. आधीच्या ५८ जणींची सरासरी काढायची, नंतरच्या ४१ जणींची काढायची आणि दोन्हींची तुलना करायची, हे चुकीचं आहे, कारण ज्या १७ जणी गेल्या त्या कदाचित कंटाळलेल्या होत्या, कदाचित मार्क कमी पडणाऱ्या होत्या, आणि त्या गळल्यामुळेच सरासरी वर गेली असेल. ज्या ४१ जणींचे दोन्ही फॉर्म आहेत फक्त त्यांचेच आधीचे आणि नंतरचे मार्क जोडीने बघायचे, त्यासाठीची संख्याशास्त्रीय चाचणी म्हणजे पेअर्ड टी-टेस्ट किंवा मार्कांची वाटणी वेडीवाकडी असेल तर विल्कॉक्सन. आता प्रश्न असा की फॉर्मवर काही कोड होता का? नाव नसलेले फॉर्म असतील आणि कोडही नसेल तर जोड्या लावताच येणार नाहीत, मग तसं सरळ लिहा की जोड्या लावता आल्या नाहीत, आणि वाढ झाली असा दावा जपून करा. पुढच्या वेळी प्रत्येकीला स्वतःचाच कोड बनवायला सांगा, आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेतला दिवस, मोबाइलचा शेवटचा आकडा असं काहीतरी, तिला लक्षात राहतं आणि ती कोण हे तुम्हाला कळत नाही. कोड असेल तर अजून एक काम करा, गेलेल्या १७ जणींचे आधीचे मार्क बाकीच्या ४१ जणींसारखेच होते का ते बघा आणि अर्ध्या वाक्यात लिहा. रिव्ह्यूअर म्हणून सांगतो, हे अर्धं वाक्य दिसलं की समोरच्यावर विश्वास बसतो.

रिझल्टचं वाक्य मग साधारण असं होईल: "५८ पैकी ४१ विद्यार्थिनींनी (७१ टक्के) दोन्ही फॉर्म भरले, त्यांची क्विझची सरासरी दहापैकी ५.१ वरून ७.६ झाली" आणि त्याच्या पुढे स्टँडर्ड डेव्हिएशन (मार्क किती पसरलेत) किंवा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (अंदाज कितपत पक्का आहे). तुमचा ५.१ जर सगळ्या ५८ जणींचा असेल तर ४१ जणींचा नव्याने काढा, तो वेगळा येईल. नुसती पी व्हॅल्यू (फरक योगायोगाचा वाटतो का हे सुचवणारा आकडा) टाकून थांबू नका, पी व्हॅल्यू किती वाढ झाली ते सांगत नाही. कॉन्फिडन्ससाठी मात्र एक वेगळी गोम आहे. ट्रेनिंगच्या आधी मुलीला वाटतं "मला येतं विचारायला, त्यात काय", ट्रेनिंगमध्ये कळतं की हे किती अवघड आहे, आणि नंतर ती प्रामाणिकपणे स्वतःला कमी मार्क देते. म्हणजे शिकल्यामुळे मार्क उतरतात! याला उपाय म्हणून काही लोक ट्रेनिंगनंतरच दोन्ही प्रश्न विचारतात, आता कसं वाटतं आणि आज मागे वळून बघता आधी किती येत होतं असं वाटतं. तुमचं झालं ते झालं, पण पुढच्या बॅचला करून बघा.

मेथडमध्ये लोक फार कंजूसपणा करतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण शिक्षणाच्या कॉन्फरन्समध्ये मेथड म्हणजेच माल असतो. "इंटरअ‍ॅक्टिव्ह सेशन घेण्यात आलं" याचा अर्थ काय? दोन तासांत काय काय झालं ते सांगा: वीस मिनिटं माहिती, तीस मिनिटं करून दाखवलं, मग तिघी-तिघींच्या गटात एक पेशंट, एक नर्स, एक बघणारी असा सराव, शेवटी चर्चा, जे खरोखर झालं असेल ते. शिकवलं कोणी, किती जणांनी, याआधी त्या मुलींना या विषयाचं काय शिकवलेलं होतं. सरावात पेशंट कोण झालं, वर्गमैत्रीण की बाहेरून आणलेली व्यक्ती. क्विझ तुम्हीच बनवली असेल तर तसं लिहा, आणि कोणाचं छापील स्केल वापरलं असेल तर नाव लिहा. पेशंटबद्दलचा दृष्टिकोन मोजायचा असेल तर मेडिकल कंडिशन रिगार्ड स्केल नावाचं अकरा वाक्यांचं छोटं स्केल २००२ पासून आहे, एखाद्या आजाराच्या पेशंटबद्दल शिकणाऱ्याला आदर आणि काम करायची इच्छा किती वाटते ते त्यातून कळतं, पुढच्या वेळी ते घ्या, म्हणजे दुसऱ्यांच्या निकालांशी तुलना करता येईल.

कॅटेगरी कोणती निवडायची हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण तो डेटाच्या आकाराइतकाच महत्त्वाचा आहे. बहुतेक अशा कॉन्फरन्समध्ये मूळ संशोधन वेगळं, अभ्यासक्रम किंवा कार्यक्रम किंवा क्वालिटी इम्प्रूव्हमेंट (कामाचा दर्जा सुधारण्याचे उपक्रम) वेगळं आणि वर्कशॉप वेगळं असतं, आणि प्रत्येकाचा मार्क देण्याचा तक्ता वेगळा असतो. कंट्रोल ग्रुप (ट्रेनिंग न मिळालेला, तुलनेसाठीचा गट) नसलेलं, एकाच ठिकाणचं दोन तासांचं ट्रेनिंग मूळ संशोधनात टाकलं तर ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या रँडमाइज्ड ट्रायलच्या शेजारी ठेवून वाचलं जाणार आणि फिकं दिसणार. तेच अभ्यासक्रमाच्या कॅटेगरीत टाकलं तर तिथले प्रश्नच वेगळे असतात, गरज काय होती, काय केलं, कसं मोजलं, दुसरीकडे नेता येईल का. तुमचं तिथलं आहे. तुमच्या गाइडना बहुधा पहिली कॅटेगरी डोळ्यासमोर असावी. कॉल फॉर अ‍ॅबस्ट्रॅक्टचं पान नीट वाचा, तिथे मार्क कशाला देतात ते बऱ्याचदा लिहिलेलंच असतं. क्वालिटी इम्प्रूव्हमेंटसाठी स्क्वायरची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ट्रायलच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टसाठी कॉन्सॉर्टची २००८ ची यादी आहे, दोन्ही फुकट मिळतात, शेजारी ठेवून लिहिलं की काही राहून जात नाही.

आता भाषा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आमच्याकडे विद्यार्थ्यांशी बोलायला एक गृहस्थ यायचे, दारू सोडून बरीच वर्षं झालेली. एकदा माझ्या टेबलावर आमच्या पोस्टरचा कच्चा मसुदा पडला होता, त्यांनी तो उचलून वाचला, सावकाश वाचला, आणि विचारलं, "यातला अब्यूजर म्हणजे मी का?" मला काही बोलता येईना. मी त्यांना रोज नावाने हाक मारत होतो, चहा घेत होतो सोबत, आणि लिहिताना मात्र मी त्यांच्यासाठी तो शब्द वापरला होता कारण सगळे पेपर तसंच लिहितात असं मला वाटत होतं.

याला नुसतं सौजन्य समजू नका, हे मोजलेलं आहे. २०१० मध्ये व्यसनावर संशोधन करणारे जॉन केली आणि त्यांच्या सहकाऱ्याने पाचशेहून जास्त मानसिक आरोग्य व्यावसायिकांना एकाच माणसाचं वर्णन वाचायला दिलं, काहींच्या कागदावर तो माणूस सब्स्टन्स अब्यूजर होता, काहींच्या कागदावर त्याला सब्स्टन्स यूज डिसऑर्डर होता, बाकी मजकूर तोच. अब्यूजर वाचलेल्यांचा कल त्या माणसालाच दोषी धरण्याकडे आणि शिक्षेच्या उपायांकडे जास्त गेला. शिकलेले, याच क्षेत्रातले लोक होते ते! आणि २०१३ मध्ये डीएसएम-५, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक, आलं तेव्हा त्यात अब्यूज आणि डिपेंडन्स हे दोन वेगळे कप्पे जाऊन एकच सब्स्टन्स यूज डिसऑर्डर झाला, अकरा निकष, दोन-तीन असतील तर सौम्य, चार-पाच मध्यम, सहा किंवा जास्त असतील तर तीव्र. अ‍ॅमर्साच्या स्वतःच्या नावातला अब्यूज शब्द गेला, त्यांच्या जर्नलचं नाव सब्स्टन्स अब्यूज होतं तेही बदललं. म्हणजे कॉन्फरन्सच्या जुन्या नावात तो शब्द असेल तरी तुमच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये तो नको. अल्कोहोलिक, अ‍ॅडिक्ट, अब्यूजर काढा, "अल्कोहोल यूज डिसऑर्डर असलेली व्यक्ती" लिहा, लघवीची टेस्ट "डर्टी" आली असं न लिहिता पॉझिटिव्ह आली लिहा. आपल्या भाषेत पण हेच, बेवडा, दारुडा तर सोडाच पण "व्यसनी रुग्ण" म्हणण्यापेक्षा "दारूच्या व्यसनाचा आजार असलेला माणूस" म्हणायला चार शब्द जास्त लागतात, लागू देत. ३०० शब्दांत जागा नसते हे मान्य, तर पहिल्यांदा पूर्ण लिहा आणि नंतर "पेशंट" किंवा "सहभागी" म्हणा. आणि तुमच्या मुली ज्यांना स्क्रीन करत होत्या ते सगळे काही व्यसनाचे पेशंट नव्हते, हे पण नीट लिहा, स्क्रीनिंग सगळ्यांचं असतं.

जमलं तर अजून एक पायरी पुढे जा. या आजारातून गेलेल्या एखाद्या व्यक्तीला ट्रेनिंग आखताना किंवा निदान अ‍ॅबस्ट्रॅक्टचा मसुदा वाचायला बोलवा. खरंच काम केलं असेल तर त्यांचं नाव लेखकांमध्ये घाला, त्यांना चालत असेल तरच, कारण नाव छापलं म्हणजे त्यांचा आजार जगाला कळला.

एथिक्स कमिटीची परवानगी घेतली होती ना? शिक्षणाचं ट्रेनिंग आहे, पेशंट नाहीत, मग कशाला परवानगी असं बऱ्याच जणांना वाटतं. पण तुम्ही त्यांच्या शिक्षिका आहात, तुमच्या हातात त्यांचे मार्क आहेत, त्या नाही म्हणू शकत होत्या का हाच तर एथिक्सचा मुद्दा आहे. कमिटीने तपासून सूट दिली असेल तर तसं लिहा. काहीच घेतलं नसेल तर आधी कमिटीकडे जा, मागच्या तारखेची परवानगी असं काही नसतं पण जमलेल्या डेटाचं काय करायचं हे कमिटीच सांगू शकते. आणि फॉर्ममध्ये मुलींना त्यांच्या स्वतःच्या पिण्याबद्दल विचारलं असेल तर फार सांभाळा. "पाच मुलांपैकी एकाने गांजा ओढल्याचं सांगितलं" असं वाक्य मी एका अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये वाचलंय, छोट्याशा वर्गातले ते पाच मुलगे कोण हे अख्ख्या कॉलेजला माहीत असतं. छोटे गट एकत्र करा किंवा तो आकडा देऊच नका.

पैसा कोणी दिला हेही लिहायचं. आपल्या विषयात दारू, तंबाखू, व्हेपिंगच्या कंपन्यांकडून आलेला निधी ही लपवायची गोष्ट नाही आणि काही कॉन्फरन्स तर तसा निधी असलेलं काम घेतच नाहीत. तुमचं बहुधा कोणीच दिलेला नसेल, मग "निधी नाही" असं लिहा.

लिहिण्याचा क्रम मी असा ठेवतो, आधी रिझल्ट, मग मेथड, मग निष्कर्ष, पार्श्वभूमी शेवटून दुसरी आणि टायटल सगळ्यात शेवटी. इंग्रजीत लिहायचं असलं तरी आधी एखाद्या सहकारी बाईंना मराठीत मिनिटभरात सांगून बघा काय केलं ते, त्यांनी जिथे "म्हणजे?" विचारलं तिथे तुमचं अ‍ॅबस्ट्रॅक्ट कच्चं आहे. निष्कर्षात "हे प्रशिक्षण सर्व नर्सिंग कॉलेजांत राबवावं" असं लिहू नका, ४१ जणींवरून तेवढं नाही म्हणता येत. "दोन तासांच्या सरावावर भर असलेल्या ट्रेनिंगनंतर लगेच घेतलेल्या चाचणीत ज्ञान वाढलेलं दिसलं, वॉर्डातल्या वापराबद्दल पाहणी चालू आहे" इतकं म्हणता येतं. टायटलमध्ये कोणाला, काय, किती वेळ, हे आलं की झालं, म्हणजे "नर्सिंग विद्यार्थिनींसाठी ऑडिट-सीवर आधारित दोन तासांचं ट्रेनिंग: ज्ञान आणि आत्मविश्वासातला बदल". कोट्या आणि प्रश्नचिन्ह नको. आणि "रिझल्ट कॉन्फरन्समध्ये सांगितले जातील" हे वाक्य कधीच नको, पुष्कळ ठिकाणी त्यावरच थेट नकार येतो.

पोर्टलची कटकट वेगळीच. डेडलाइन त्यांच्या टाइम झोनची असते, शब्द मोजताना काही पोर्टल टायटल धरतात काही नाही, काही ठिकाणी शब्दांऐवजी अक्षरं मोजतात, वर्डमधून पेस्ट केलं की प्लस-मायनसची चिन्हं उडतात. ब्लाइंड रिव्ह्यू असेल, म्हणजे तपासणाऱ्याला लेखक कोण ते कळू द्यायचं नसेल, तर मजकुरातून कॉलेजचं नाव काढा. सगळ्या को-ऑथरना शेवटचा मसुदा पाठवून हो म्हणवून घ्या, आणि हे काम आधी कुठे सादर झालं असेल तर चालतं का ते नियमात बघा. डेडलाइनच्या दोन दिवस आधी सबमिट करा, शेवटच्या रात्री सर्व्हर बसतो.

शेवटचं, रिजेक्ट झालं तर. होऊ शकतं, जागा मर्यादित असतात. कॉमेंट आल्या तर जपून ठेवा, नाही आल्या तर आयोजकांना नम्रपणे विचारा, बरेचजण देतात. ओरल (स्टेजवरून बोलायची संधी) मागितलं आणि पोस्टर मिळालं तर वाईट वाटून घेऊ नका, तुमच्यासारख्या कामाला पोस्टरच बरं, लोक समोर येऊन तुमचे रोल-प्लेचे कागद मागतात आणि तुम्ही त्यांचे मागता. मंजूर झालं तर मात्र पुढचा पेपर लगेच लिहायला घ्या. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणारी संस्था आहे, तिच्या २०१८ च्या आढाव्यात तीन लाखांहून जास्त कॉन्फरन्स अ‍ॅबस्ट्रॅक्टचा मागोवा घेतला होता, त्यातली साधारण ३७ टक्केच पुढे पूर्ण पेपर म्हणून छापली गेली, आणि ज्यांचे निकाल चांगले आले ती जास्त छापली गेली. म्हणजे ज्या ट्रेनिंगचा उपयोग झाला नाही ती गायबच होतात आणि दुसरीकडे कोणीतरी पुन्हा तेच ट्रेनिंग पहिल्यापासून करून बघतं. म्हणून त्या ९ विरुद्ध ३२ सारखा आकडा तुमच्या हाती आला तर तो पेपरमध्ये ठेवा, कोणी काढायला सांगितलं तरी ठेवा. मसुदा तयार झाला की माझ्याकडे पाठवलात तरी चालेल, मी वाचून कुठे "किती?" पडतंय तेवढं खुणा करून देईन.